घटस्फोट आणि मुलांच्या ताब्याचा वाद मध्यस्थीने सुटतो का?

बऱ्याचदा सुटतो. मध्यस्थ निकाल देत नाही, फक्त बोलणं रुळावर ठेवतो. निर्णय तुम्हा दोघांचाच. तिथली चर्चा सहसा गोपनीय असते, त्यामुळे मनातलं बोलता येतं.

मुलांबाबत मात्र ‘समजुतीने बघू’ यावर थांबू नका, कळकळीने सांगतो. शाळेचे दिवस कोणाकडे, सुट्ट्या कशा वाटायच्या, मूल आजारी पडलं तर निर्णय कोणाचा, खर्च कोण किती उचलणार, दुसऱ्या गावी बदली झाली तर काय, हे सगळं लिहून घ्या. मूल मोठं होईल तसा फेरविचार कधी करायचा, तेही. सही करण्याआधी स्वतःच्या वकिलाला दाखवा आणि करारावर न्यायालयाची मोहोर घ्या, म्हणजे तो पाळणं बंधनकारक होतं.

घरात मारहाण किंवा धाक असेल तर समोरासमोर बसूच नका. आधी सुरक्षितता.