पाच किलोमीटर पळतोस, तरी दम का लागतो?

रोज पाच किलोमीटर पळूनही बास्केटबॉलच्या मॅचमध्ये तिसऱ्या क्वार्टरला तू फास्ट ब्रेकमध्ये, म्हणजे बॉल मिळताच समोरच्या बास्केटकडे सुसाट धावताना, मागे पडतोस, यात नवल नाही. कोर्ट २८ मीटरचं. मॅचमध्ये एका लयीत पळायला मिळतंच कुठे? दोन-तीन सेकंदांचा झपाटा, गपकन थांबणं, वळणं, की पुन्हा झपाटा. अशा झपाट्यासाठी स्नायू फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे त्यांच्यातच साठवलेलं झटपट ऊर्जेचं इंधन, वापरतात. तो साठा वीस सेकंदांत अर्धवटच भरतो, पुरता भरायला काही मिनिटं लागतात. अर्धवट साठ्यावर पुन्हा पळायची सवय हवी.

वॉर्मअप नीट कर. मग बेसलाइनवरून, म्हणजे बास्केटमागच्या टोकाच्या रेषेवरून, हाफ कोर्टच्या रेषेला पाय लावून परत, जीव तोडून. वीस सेकंद चालत श्वास घे, पुन्हा तेच. असे सहा. चार मिनिटं थांब, मग आणखी सहा. मित्राच्या हातात स्टॉपवॉच दे. पहिला सहा सेकंदांत आणि पाचवा सातच्या पुढे गेला, तर त्या दिवशी तिथेच थांबव. मी हट्टाने दहा-बारा ओढायचो, त्यात नुसतं रखडणंच पक्कं झालं.

वळताना कंबर खाली हवी. एकदा उजवा पाय रेषेवर, एकदा डावा. उभ्याने वळलास तर सगळा भार गुडघ्यावर येतो. आणि सिमेंटच्या कोर्टवर आठवड्यातून दोनदाच, नाहीतर नडग्या ठणकतील. मॅचच्या आदल्या दिवशी तर मुळीच नको, त्या दिवशी फ्री थ्रो मार. तुझे तेही कच्चेच आहेत.