दोन्ही गुडघे एकदम की एकेक? विम्याचे वर्ष पाहून ठरवा

आपल्या पत्नीचे दोन्ही गुडघे झिजले आहेत आणि त्यांना जिना कठडा धरून, एकेक पायरी आडवे होऊन उतरावा लागतो, असे आपण लिहिले आहे. दोन्ही वाट्या एकाच वेळी बदलण्यास रुग्णालयाने ५,६०,००० रुपये आणि एका गुडघ्यास ३,१०,००० रुपये सांगितले आहेत. म्हणजे एकदम केल्यास ६०,००० रुपये वाचतात, आणि त्यासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील १५ लाखांचे खाते मोडावे का, हा आपला प्रश्न आहे.

माझ्या मते मोडू नये. हे ६०,००० रुपये बिलातून वाचतात, आपल्या खिशातून नव्हे. पत्नीचा विमा ४ लाखांचा आहे, त्यामुळे एकत्र शस्त्रक्रियेत किमान १,६०,००० रुपये आपल्यालाच भरावे लागतील. उलट एक गुडघा आता आणि दुसरा दोन महिन्यांनी होणाऱ्या नूतनीकरणानंतर केला, तर विम्याची रक्कम नव्या वर्षासाठी पुन्हा पूर्ण मिळते आणि दोन्ही बिले आपापल्या वर्षात बसतात. आधी दावा केला म्हणून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही. पॉलिसीत गुडघ्यासाठी उपमर्यादा (त्या शस्त्रक्रियेपुरती ठरवलेली कमाल रक्कम) किंवा को-पे (बिलाचा आपण स्वतः भरायचा ठरावीक हिस्सा) आहे का, एवढे मात्र कंपनीकडून लेखी घ्यावे.

अंदाजपत्रकात खोलीचे भाडे रोज ८,००० रुपये आहे, तर पॉलिसीतील आपली भाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे ४,००० रुपये. महागडी खोली घेतल्यास केवळ भाड्यातला फरक नव्हे, तर शल्यचिकित्सकांचे आणि शस्त्रक्रियागृहाचे शुल्कही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकते. कृत्रिम सांधा आणि औषधे या कपातीतून वगळलेली असतात. मर्यादेतलीच खोली मागावी.

बचत खाते उघडून चौदा महिनेच झाले आहेत. आज बंद केल्यास मुद्दलातून दीड टक्का, म्हणजे २२,५०० रुपये जातील. पैसे कमी पडलेच, तर आपल्या मुदत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर बँकेकडून उचल, घ्यावा.

हा सगळा हिशेब डॉक्टरांच्या मतानंतरचा आहे. एकाच वेळी दोन्ही गुडघे करताना हृदयावर आणि फुप्फुसांवर अधिक ताण येतो, आणि आपल्या पत्नीला रक्तदाब आहे. पण दुसरा गुडघा इतका वाकलेला असेल की त्याच्यामुळे पहिल्याचा व्यायामच होणार नाही, आणि भूलतज्ज्ञांसह सर्वांनी एकत्र शस्त्रक्रियेस संमती दिली, तर ते १,६०,००० रुपये नि:शंकपणे खर्च करावेत. त्या पैशांसाठी त्यांचे दुखणे लांबवू नये.

एकेक करायचे ठरल्यास पहिल्या शस्त्रक्रियेच्या धावपळीत नूतनीकरणाचा हप्ता चुकू देऊ नये, आणि दुसऱ्या वेळी रुग्णालयात दाखल होण्याची तारीख नूतनीकरणानंतरचीच घ्यावी.