अमेरिकेत दिवाळखोरीसाठी वकील कसा निवडावा?

तुम्ही लिहिलंय की क्रेडिट कार्डं आणि हॉस्पिटलची बिलं हाताबाहेर गेलीत, पगार चालू आहे आणि ‘पहिला सल्ला मोफत’ म्हणणाऱ्या पाच-सहा वकिलांतून एक निवडायचाय. माझं उत्तर: फीचा आकडा सांगण्याआधी जो तुमची उलटतपासणी घेतो, तो निवडा.

दिवाळखोरीचे फॉर्म कोर्टाच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. वकिलाला पैसे द्यायचे ते अर्ज दाखल होण्याआधी त्याने काय हेरलं याचे. अर्ज गेल्यावर सहज मागे फिरता येत नाही. मार्ग दोन: चॅप्टर ७, म्हणजे कायद्याने वाचवता न येणारी मालमत्ता असेल तर ती विकून बहुतेक कर्जं पुसणं, आणि चॅप्टर १३, म्हणजे हप्त्यांचा प्लॅन आखून फेडणं. १३ मधून साधारणपणे स्वतःहून बाहेर पडता येतं, पण ७ मागे घ्यायला कोर्टाची परवानगी लागते आणि ती मागितली की मिळते असं नाही.

पहिल्या भेटीत त्याने विचारायलाच हवा असा एक प्रश्न: गेल्या वर्षभरात नातेवाइकांचे पैसे परत केलेत का? समजा सख्ख्या भावाकडून घेतलेले ६,००० डॉलर तुम्ही मार्चमध्ये फेडले आणि जूनमध्ये चॅप्टर ७ दाखल केलं. ट्रस्टी, म्हणजे तुमचं प्रकरण सांभाळायला नेमलेला माणूस, ते पैसे भावाकडून परत मागू शकतो, कारण इतर सावकारांना डावलून घरच्या माणसाला आधी फेडलं असा त्याचा अर्थ होतो. नातेवाइकांसाठी ही मुदत एक वर्षाची, बाकीच्या सावकारांसाठी ९० दिवसांची. जाणता वकील अशा वेळी थांबायचा सल्ला देईल. न विचारणारा वकील अर्ज भरून मोकळा होईल आणि पत्र भावाच्या घरी जाईल.

दुसरा प्रश्न पगाराचा. चॅप्टर ७ साठीच्या मीन्स टेस्टमध्ये (उत्पन्नावरून पात्रता ठरवणारी चाचणी) अर्जाच्या महिन्याआधीचे सहा पूर्ण महिने धरतात. जानेवारीत मोठा बोनस मिळाला असेल, तर जुलैमध्ये केलेल्या अर्जात तो मोजला जातो, ऑगस्टमधल्या अर्जात नाही. एका महिन्याच्या फरकाने माणूस ७ साठी पात्र ठरू शकतो किंवा अडकू शकतो. पे स्टब (पगाराच्या पावत्या) न पाहता ‘तुमचं सहज होऊन जाईल’ म्हणणारा इथेच कळतो.

तिसरा, गेल्या दोन वर्षांत राज्य बदललंत का? घर, गाडी, दागिने यांतलं किती वाचवता येतं हे राज्यागणिक बदलतं आणि नव्या राज्यात ७३० दिवस झाले नसतील तर बहुधा जुन्या राज्याचे नियम लागतात.

चौथी गोष्ट इथला वकील कदाचित विचारणारही नाही, तेव्हा तुम्हीच काढा: भारतातली मालमत्ता. सातबाऱ्यावरचं नाव, आईबरोबरचं जॉइंट खातं, लॉकरमधलं सोनं, एनआरई ठेव, वाटणी न झालेल्या घरातला हिस्सा. मालमत्ता जगात कुठेही असली तरी ती अर्जात दाखवावी लागते. ‘तिकडचं इथे कोणाला कळतंय’ हा विचार फार महागात पडतो. लपवल्याचं उघड झालं तर कर्जमाफी नाकारली जाऊ शकते, आणि जाणूनबुजून खोटं लिहिणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा संघराज्य गुन्हा आहे. ‘जमीन आधी बायकोच्या नावावर करा’ किंवा ‘अर्जापूर्वी कार्डं वापरून घ्या’ असं कोणी सुचवलं तर तिथून उठा. कार्डं वापरून घ्यायचा सल्ला द्यायला तर कायद्यानेच मनाई आहे.

आता फी. कोर्टाची फी चॅप्टर ७ साठी ३३८ डॉलर आणि १३ साठी ३१३ डॉलर. ती हप्त्यांत भरता येते, आणि उत्पन्न अगदी कमी असेल तर ७ ची माफही होऊ शकते. वकिलाची फी वेगळी. चॅप्टर ७ मध्ये ती बहुतेक वकील आधीच पूर्ण घेतात, कारण बाकी राहिली तर तुमच्या इतर कर्जांबरोबर तीही पुसली जाते. मग ‘शून्य डॉलरमध्ये चॅप्टर ७’ या जाहिराती कशा? तिथे करार दोन तुकड्यांत असतो: अर्जापुरता एक, अर्जानंतरच्या कामाचा दुसरा, आणि एकूण रक्कम बरेचदा जास्त. सगळ्या कोर्टांना हा प्रकार पसंत नाही.

चॅप्टर १३ मध्ये वकिलाची फी तुमच्या तीन ते पाच वर्षांच्या हप्त्यांतून जाऊ शकते, त्यात गैर काही नाही. पण म्हणूनच ७ पुरेसं असलेल्या माणसाला १३ कडे ढकललं जाण्याचा धोका असतो. सरळ विचारा: ‘मी ७ साठी पात्र आहे का? असेन तर १३ कशाला?’ घराचे थकलेले हप्ते भरून घर वाचवायचंय, राज्याच्या नियमांनी वाचवता न येणारी मालमत्ता आहे, आधीच्या ७ च्या अर्जाला आठ वर्षं झाली नाहीत, अशी उत्तरं पटण्यासारखी आहेत. ‘१३ मध्ये तुम्हाला आत्ता काही भरावं लागत नाही’ हे उत्तर पटण्यासारखं नाही. अर्ज केल्यापासून ३० दिवसांच्या आत प्लॅनचा पहिला हप्ता सुरू होतो, आणि अर्ध्यावर मोडलेल्या प्लॅनमध्ये सहसा काहीच माफ होत नाही.

करार लेखी हवा, अर्ज दाखल होण्याआधी हवा, आणि त्यात काय धरलेलं नाही ते आधी वाचा. गाडीचं कर्ज पुढे चालू ठेवायचा करार, अर्जातली दुरुस्ती, कोणा सावकाराने स्वतंत्र दावा लावला तर त्याचं काम, या गोष्टी बऱ्याचदा वेगळ्या फीच्या असतात. वकिलाने किती घेतले हे त्याला कोर्टाला कळवावं लागतं, आणि फी अवाजवी वाटली तर न्यायाधीश परत करायला लावू शकतात.

काही ऑफिसं नुसते कारखाने असतात. माहिती घेणारी बाई वेगळी, सही ऑनलाइन, वकिलाचं तोंड बैठकीच्या दिवशी पहिल्यांदा. म्हणून विचारा की ३४१ च्या बैठकीला, म्हणजे ट्रस्टीच्या चौकशीला, तुमच्याबरोबर कोण असेल. चॅप्टर ७ मध्ये ही बैठक साधारण २१ ते ४० दिवसांत, आता बहुतेक ठिकाणी झूमवर होते. ट्रस्टी शपथेवर विचारतो: अर्ज सही करण्याआधी वाचलात का? सगळी मालमत्ता त्यात आहे का? तुमच्याबरोबर बसून पानन्‌पान वाचून घेणारा वकील असेल तर ही बैठक काही मिनिटांत संपते. इंग्रजीची अडचण असेल तर फोनवरचा दुभाषी मोफत मिळतो, मात्र आधी कळवावं लागतं.

शोधायचं कुठे? राज्याच्या बारच्या (वकिलांच्या नोंदणी संस्थेच्या) वेबसाइटवर परवाना आणि शिस्तभंगाची नोंद पाहा, पाच मिनिटांचं काम आहे. नॅशनल असोसिएशन ऑफ कन्झ्युमर बँकरप्सी अटर्नीज या संघटनेची सदस्ययादी उपयोगी पडते. तुमच्याच डिस्ट्रिक्टच्या कोर्टात नेहमी जाणारा हवा, कारण स्थानिक नियम आणि ट्रस्टींच्या तऱ्हा वेगळ्या असतात. कंपन्यांच्या दिवाळखोऱ्या हाताळणारी मोठी फर्म इथे कामाची नाही. फक्त फॉर्म टाइप करून देणाऱ्या पिटिशन प्रिपेअररला कोणता चॅप्टर घ्यावा हे सांगायचीही परवानगी नाही. प्रकरण अगदी साधं आणि उत्पन्न कमी असेल तर लीगल एड (मोफत कायदेशीर मदत) किंवा अपसॉल्व्ह ही ना-नफा संस्था पाहा.

व्हिसाचं बऱ्याच जणांच्या मनात असतं. अर्जासाठी नागरिक असावं लागत नाही आणि दिवाळखोरी हा गुन्हा नाही. तरी ग्रीन कार्डचं काम चालू असेल तर तुमच्या इमिग्रेशनच्या वकिलाच्या कानावर घाला.

भेटीला जाताना सहा महिन्यांचे पे स्टब, दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न, बँक स्टेटमेंटं आणि देण्यांची यादी न्या. क्रेडिट कौन्सेलिंगचं (कर्जाबाबतच्या समुपदेशनाचं) प्रमाणपत्र अर्जाच्या आधीच्या १८० दिवसांतलं लागतं, ते कुठल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून घ्यायचं ते वकील सांगेल. आणि पगारातून कापणी सुरू झाली असेल किंवा घराच्या लिलावाची तारीख लागली असेल तर ते भेटीपर्यंत ठेवू नका, पहिल्या फोनवरच सांगा. अशा वेळी मोजके फॉर्म भरून लगेच अर्ज करता येतो आणि बाकीचे बहुतेक कागद द्यायला १४ दिवस मिळतात.