सासूबाईंची ‘आलाबला’

प्रश्न : आमच्या सासूबाई नातवाला बघितलं की दोन्ही हात त्याच्या तोंडावरून फिरवतात, आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडतात आणि म्हणतात, “आलाबला घेते माय माझ्या लेकराची!” आमच्याकडचे एक गुरुजी म्हणाले, ‘बला’ म्हणजे बळ, आजी नातवाला बळ देते. हे बरोबर आहे का?
– एक वाचक भगिनी, परभणी

उत्तर : ताई, गुरुजींचा अर्थ गोड आहे, पण हा शब्द तो नव्हे. संस्कृतात ‘बला’ आहे. रामायणात विश्वामित्र रामाला बला आणि अतिबला या विद्या देतात, तिथं बळाचा संबंध खरा. सासूबाईंची बला मात्र अरबी. फारसी-उर्दूच्या वाटेनं ती आपल्याकडे आली. तिचा अर्थ संकट, पीडा. ‘कुठली बला मागं लागली’ म्हणतो, तीच ही.

सासूबाई ‘देते’ म्हणत नाहीत, ‘घेते’ म्हणतात. लेकरावर जे काही येणार असेल ते माझ्यावर येऊ दे, असं हे मागणं. म्हणून तर हात लेकराच्या तोंडावरून निघतो आणि थेट स्वतःच्या कानशिलाला लागतो. कुरवाळण्यात, गोंजारण्यात माया असते. पण हे असं स्वतःवर ओढून घेणं नसतं.

उर्दूत ‘बलाएँ लेना’ म्हणतात, आणि कृतीही हीच. मी अंबाजोगाईची. माझ्या हळदीच्या दिवशी आधी आईनं माझी आलाबला घेतली, मग भिंतीपल्याडच्या खालांनी, म्हणजे आमच्या मुसलमान शेजारीण मावशींनी. दोघींची बोटं सारखीच वाजली. एकीला दुसरीचं काही विचारावं लागलं नाही.

बहमनी राज्य १३४७ साली आपल्या दौलताबादेतच सुरू झालं आणि निजामाचा अंमल १९४८ पर्यंत राहिला. तारीख, जमीन, वकील असे अरबी-फारसी शब्द सरकारी दप्तरातून आले. आलाबला मात्र अंगणाअंगणांतून, बायकांच्या तोंडून आली असणार, असं मला मनापासून वाटतं. दप्तराला तिचं काय काम?

एक जपा. ‘नावानं बोटं मोडणं’ हे अगदी उलट, तो तळतळाट. बोटं तीच, पण तिथं ती कुणाच्या तोंडावरून फिरलेली नसतात.

गुरुजींना नमस्कार सांगा, आणि ते ‘घेते’ तेवढं त्यांच्या नजरेला आणा.