मंगळसूत्रातली किल्ली

त्यांच्या मंगळसूत्रात सेफ्टी पिनेला एक किल्ली अडकवलेली होती. बोलता बोलता हात सारखा तिच्याकडे जायचा. किल्ली लोखंडी कपाटाची, आणि कपाटात बिस्किटं, फरसाण, चॉकलेटं. "मॅडम, पोरगं भाजीला हात लावंना, अन् वजन तर वाढायलंय. कुलूप घातलं तरी वाढायलंय. आता काय करावं सांगा."

लातूरमध्ये हा प्रश्न घेऊन येणाऱ्या आया मला सतत भेटतात. म्हणून ही एक हकिगत सविस्तर सांगते. मुलाला ओम म्हणू. नाव आणि घरच्या काही खुणा बदलल्या आहेत.

ओम दहा वर्षांचा, पाचवीत, नवोदयची तयारी करणारा. उंची १३८ सेंटिमीटर, वजन ४४ किलो. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली दिलेल्या वाढीच्या तक्त्यावर तो लठ्ठपणाच्या रेषेच्या वर गेलेला. उंची मात्र वयाप्रमाणे वाढत होती, त्यामुळे थायरॉईडची शक्यता कमी होती. तरी डॉक्टरांकडून तपासून घ्यायला लावलं. रिपोर्ट चांगले आले, तर आईचा चेहराच उतरला. "थायरॉईड निघालं असतं तर गोळी तरी सुरू झाली असती," त्या म्हणाल्या. त्या किती थकल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं.

आम्ही बोलत असताना ओम शेजारी गृहपाठ करत होता. पट्टी काढायला त्याने कंपासपेटी उघडली. पट्टीखाली वेफर्सचं रिकामं पाकीट होतं, घड्या घालून घालून बोटाएवढं केलेलं. मी पाहिलं हे त्याला कळलं आणि त्याने त्यावर तळहात ठेवला. मी काही बोलले नाही.

नंतर तो एकटा असताना विचारलं, कुठं खातोस? "दुकानाच्या मागं. पटकन." पटकन का? "कुणी बघंल म्हणून." चव कशी लागते? त्याने जरा विचार केला. "ध्यानात राहत नाही."

मुलांच्या आवडीनिवडी आणि लठ्ठपणा यांवर अमेरिकेतल्या लीअन बर्च यांनी जन्मभर काम केलं. २०१९ मध्ये त्या गेल्या. जेनिफर फिशर यांच्याबरोबर त्यांनी १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लहान मुलांना खाऊचे दोन साधारण सारखेच प्रकार दिले. त्यातला एक डोळ्यांसमोर ठेवला, पण ठरलेली वेळ होईपर्यंत घ्यायचा नाही असं सांगितलं. मुलं त्याच खाऊबद्दल बोलू लागली, तोच मागू लागली. २००३ मध्ये आणखी एक अभ्यास आला. पाच वर्षांच्या वयात ज्या मुलींच्या खाण्यावर आईची जास्त बंधनं होती, त्या सात आणि नऊ वर्षांच्या झाल्यावर पोट भरलेलं असतानाही जास्त खात होत्या. ज्या पाचव्या वर्षीच जाड होत्या, त्यांच्यात हे सगळ्यात ठळक दिसलं. त्या मुली अमेरिकेतल्या, आपल्या नाहीत, हे खरंच. पण कंपासपेटीतली ती घडी पाहिल्यावर मला दुसरं काही सुचेना.

हे मी ओमच्या आईला सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे मीच केलं का हे?" नाही. वजन वाढताना दिसलं म्हणून त्यांनी कुलूप घातलं, मायेपोटीच घातलं. हे मला त्यांना तीनदा सांगावं लागलं, आणि वाचणाऱ्या प्रत्येक आईलाही सांगते.

मग आम्ही त्याचा दिवस कागदावर मांडला, आणि खरी गोम तिथं सापडली. दीडला डबा, तोही अर्धा. पाच ते सात शिकवणी. घरी यायला साडेसात. सहा तास पोटात काही नाही आणि वाटेत पाच रुपयांचं पाकीट. त्याला हावरट कसं म्हणायचं? लेकरू उपाशी होतं.

शिकवणीच्या आधी साडेचारला बसून खायचं, एवढं पहिल्यांदा ठरवलं. दह्याबरोबर धपाटं, नाहीतर चुरमुऱ्यांचा सुसला, मूठभर शेंगदाणे. कुलूप काढायचं, पण कपाट भरूनही ठेवायचं नाही. शनिवारी संध्याकाळी एक पाकीट आणायचं आणि ते ताटलीत ओतून सगळ्या घराने मिळून उघड्यावर खायचं. घरात चुलत भाऊ आहे, काडीसारखा. त्याला काय हवं ते मिळायचं, ओमला मिळायचं नाही. आता दोघांना नियम एकच. आणि ताटावर वजनाचा विषय काढायचा नाही. हे वडिलांना सगळ्यात जड गेलं.

भाजीचं काय? "भाजी संपव, मग चॉकलेट" हे आधी बंद केलं. खाण्याबद्दल बक्षीस दिलं की मुलांना तो पदार्थ आणखी नकोसा होतो, हे बर्च यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं. नवी चव रुजायला ती पुन्हा पुन्हा जिभेवर पडावी लागते, दहा-पंधरा वेळासुद्धा. नुसती ताटात दिसून भागत नाही. म्हणून रोज एक घास वाढायचा. खाल्ला तर खाल्ला, राहिला तर राहू द्यायचा. अंबाडीची भाजी ओमने अकरा वेळा ठेवून दिली. आईने वहीत खुणा केल्या होत्या, मला दाखवल्या.

मग वेळ अमावस्या आली, शेतात जाऊन जेवायचा इकडचा सण. मामाच्या शेतात कडब्याची झोपडीसारखी कोप, आंबिलाचं मडकं, बाजरीचे उंडे आणि भज्जी. पाच-सहा पोरं गोल बसून भज्जी ओरपत होती. ओमही बसला. कुणी खा म्हटलं नाही, त्याने दोनदा मागून घेतली. भज्जीत किती पालेभाज्या आणि शेंगा असतात, ते इथल्या कुणाला सांगायला नको. सोबतची मुलं खातात ते पाहून लहान मुलांची भाजीची पसंती बदलते, हा बर्च यांचा १९८० चा अभ्यास मी तोवर फक्त वाचला होता.

सात महिन्यांनी उंची १४१.५ आणि वजन ४४.५. "अर्धा किलो वाढलंच की," वडील म्हणाले. वाढत्या मुलाचं वजन सहसा उतरवायचं नसतं, उंचीला त्याला गाठू द्यायचं असतं, हे मी तक्त्यावर बोट ठेवून दाखवलं. अंबाडी त्याला अजून आवडत नाही. शनिवारच्या ताटलीत मात्र तो कधीकधी चार वेफर्स तशीच टाकून खेळायला पळतो.

आजीला अजून पटलेलं नाही. ताट पुसून खाल्ल्याशिवाय त्या त्याला उठू देत नाहीत. पुढच्या वेळी त्यांना घेऊन या, असं सांगितलंय.