परवानगीचं नंतर, आधी पोस्टर बघ

तुझी पोस्ट वाचली आणि पंधरा वर्षं मागं गेलो. गॅदरिंगला मराठी एकांकिका बसवली, तालमी रंगात आल्या, आणि आता प्राचार्य म्हणतात पोलीस परवानगी आणा नाहीतर नाटक रद्द, असं तू लिहिलंयस. आमचंही नेमकं हेच झालं होतं, बेळगावातच. तालीम, नेपथ्य, लाइट हे तुला कळतच असणार, त्यात शिरत नाही. मला एकच सांग: पोस्टरवर काय छापलंय?

आमचं पोस्टर मी केलं होतं. नाटकाचं नाव, तारीख, वेळ, कॉलेजचा हॉल, सगळं बसलं आणि खाली चार बोटं जागा उरली. ती मोकळी बरी दिसेना म्हणून मी ओळ टाकली, 'सर्व रसिकांना मुक्त प्रवेश'. कुणी सांगितलं नव्हतं, माझीच अक्कल. पोरांनी उत्साहात टिळकवाडीतल्या दोन चहाच्या गाड्यांवर पोस्टरं चिकटवली. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावणं. प्राचार्यांनी त्या ओळीवर पेन ठेवलं आणि म्हणाले, हे आता गॅदरिंग राहिलं नाही, जाहीर कार्यक्रम झाला, परवानगी आणा. तेव्हा वाटलं मराठी नाटक म्हणून अडवतायत. आज त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

मग एका कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. कुठली ते लिहीत नाही, तिथली माणसंही आता बदलली असतील. पहिल्या दिवशी मराठी अर्ज दिला, तो खिडकीतल्या माणसानं एका बोटानं माझ्याकडं परत सरकवला. इंग्रजीत नेला तर कन्नडमध्ये आणा म्हणाले. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं का? हॉस्टेलवरच्या बैलहोंगलच्या मित्रानं रात्री बसून रेघांच्या कागदावर 'मान्यरे' पासून सगळं लिहून दिलं. तो अर्ज घेतला, पण पोच दिली नाही आणि मीही मागितली नाही. चौथ्या खेपेला उत्तर मिळालं, असा अर्ज आलेलाच नाही. पाचव्या खेपेला फक्त 'नाळी बर्री'. तो 'उद्या' कधी उजाडलाच नाही.

शेवटी एकांकिका झाली ती दुपारी चारला एका वर्गात, बाकं मागं सरकवून, ट्यूबलाइटखाली, माइकशिवाय. तेही मी सोसलं असतं. पण 'बाहेरचं कुणी आत सोडायचं नाही' असा हुकूम गेटवर गेला होता आणि पोस्टर वाचून लोक आले होते. आमच्या मुख्य नटाचे वडील कार्व्याहून एसटीनं आले होते, नातवाला घेऊन. पालक आहे म्हणून त्यांनी सांगितलं, पण वॉचमन म्हणाला, "मला सांगितलेलं नाही की हो." आम्हाला हे कळलं नाटक संपल्यावर. तोपर्यंत त्यांची परतीची गाडी गेली होती. ही गोष्ट मला त्या कचेरीपेक्षा जास्त लागली, कारण ती ओळ मी लिहिली होती.

तेव्हा आधी पोस्टर बदल. 'विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांसाठी' एवढंच लिही, आणि पालकांच्या नावांची यादी आदल्या दिवशी गेटवर दे. मगच प्राचार्यांकडं जा. बऱ्याचदा प्रश्न तिथंच सुटतो. यात दुसराही फायदा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या उपक्रमातल्या प्रयोगाला सवलत आहे, पण प्रेक्षक घरचेच, म्हणजे विद्यार्थी, शिक्षक, पालक असतील तर. दार सगळ्यांना उघडलंस की लेखकाची परवानगी आणि मानधन आलं. स्पर्धेला नेणार असशील तर लेखकाचं पत्र हवंच. (मी वकील नाही. कॉलेजच्या माणसाला विचारून घे. माझा अनुभव जुना आहे आणि कॉलेजागणिक फरक पडतो.)

तरीही स्पीकरसाठी अर्ज करावाच लागला तर कन्नडमध्ये कर, कॉलेजच्या लेटरहेडवर, दोन प्रती, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. स्पीकर किती, किती ते किती, हेही त्यातच लिही. रात्री दहा ते सकाळी सहा बंदीचा नियम २००० सालापासून देशभर आहे, त्यात भाषेचा काही संबंध नाही, तिथं वाद घालू नकोस.

कन्नडमध्ये अर्ज म्हणजे लाचारी, असं इथलेच काही जण म्हणतील. म्हणू देत. सीमाप्रश्नाचं काय व्हायचं ते होईल, तुझं नाटक शनिवारी आहे. त्या बैलहोंगलच्या पोरानं पुढं आमचं लाइटही सांभाळलं, मराठी संवाद पाठ करून. कन्नड मुलांनाही एक प्रवेश किंवा एक गाणं दे. मेहेरबानी म्हणून नको, कार्यक्रम चांगला होतो म्हणून.

पुढच्या वेळी तारखेचं तुझ्या हातात असेल तर १ नोव्हेंबरच्या आगेमागे घेऊ नकोस; एकीकडं कर्नाटक राज्योत्सव, दुसरीकडं मराठी लोकांचा काळा दिवस, बेळगावकराला वेगळं सांगायला नको. सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हाही नको, सगळा बंदोबस्त तिकडं लागलेला असतो. सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड भागातली मुलं टीममध्ये असतील तर तालीम शेवटच्या गाडीच्या हिशोबानं सोड, आणि सीमेवर तापलं की एसटी बंद पडते हे धरून चाल. २०२२ च्या डिसेंबरात पडलीच होती. दोन-तीन जणांची शहरात राहायची सोय आधीच बघून ठेव.

फिशपॉन्ड एकांकिकेच्या आधी ठेवू नकोस एवढं मात्र ऐक. एकदा हॉल ओरडायला लागला की तासभर शांत होत नाही, आणि तुझा पहिला प्रवेश त्यात जातो.

पोस्टरचा मजकूर इथं टाक, बघून सांगतो. छापायला गेला असेल तर आजच थांबव.