मका निम्मा केला, आता एन्झाइम घालू का?

प्रश्न (शिरूर तालुका): माझ्याकडे 25 ते 30 किलोची 40 डुकरं आहेत. मका महागला म्हणून भरड्यातला निम्मा मका काढून गव्हाचा कोंडा घातला. डुकरं खातात भरपूर, पण वजन धरत नाहीत. दुकानदार एन्झाइमची पावडर घ्या म्हणतो. घेऊ का?

उत्तर: आधी भरडा दुरुस्त करा, पावडरीचं नंतर बघू.

एक किलो मक्यातून डुकराला साधारण 3,300 किलोकॅलरी ऊर्जा मिळते, गव्हाच्या कोंड्यातून सुमारे 2,300. निम्मा, म्हणजे क्विंटलमागे साधारण 30 किलो मका काढून तेवढाच कोंडा घातलात, म्हणजे दर किलो खाद्यात 300 किलोकॅलरी कमी झाल्या. खाद्य हलकं असलं की डुक्कर जास्त खाऊन भर काढायला बघतं. सत्तर-ऐंशी किलोच्या जनावराला ते बऱ्यापैकी जमतं. तुमच्या पिल्लांचं पोट अजून लहान आहे. ते भरतं, पण गरज भागत नाही.

एन्झाइम, म्हणजे विकरं, खाद्यात नसलेली ऊर्जा आणू शकत नाहीत. कोंड्यातले तंतू डुकराच्या पाचकरसाने फुटत नाहीत. झायलनेज नावाचं विकर ते काही प्रमाणात फोडतं आणि आत अडकलेलं पिष्ट, प्रथिनं मोकळी होतात. फायटेजचं काम वेगळं. धान्यात आणि पेंडीत सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस बांधलेला असतो, तो ते सोडवतं आणि फॉस्फरससाठी घालायच्या डीसीपीचा (डायकॅल्शियम फॉस्फेट) खर्च वाचतो. म्हणून पाकिटावर नुसतं ‘मल्टी-एन्झाइम’ असेल तर घेऊ नका. कोणतं विकर, किती युनिट, हे छापलेलं हवं. कोंडा जास्त असेल तिथे झायलनेजचा उपयोग होतो, मका-सोयापेंडीच्या खाद्यात फारसा नाही. पण कितीही पावडर घातली तरी कोंड्याचा मका होत नाही.

क्विंटलभर भरड्यासाठी 58 किलो धान्य, 22 किलो सोयापेंड, 17 किलो कोंडा, अडीच किलो खनिज मिश्रण, अर्धा किलो मीठ धरा. धान्य सगळं मकाच हवं असं नाही. भोर-मावळच्या भात गिरण्यांतली कणी ऊर्जेला जवळपास मक्याच्या तोडीची आहे. तुमच्याकडची बाजरी थोडी उणी, तरी कोंड्यापेक्षा कितीतरी बरी. स्वस्त मिळतं म्हणून बुरशी लागलेलं धान्य मात्र आणू नका. पेंडीतही काटकसर नको. पेंडीतल्या प्रथिनांतून मिळणारं लायसिन (मांस घडायला लागणारं अमिनो आम्ल) कमी पडलं तर ऊर्जा मांसाऐवजी चरबीत जाते.

एवढं करूनही पावडर वापरून बघायची असेल तर 20-20 चे दोन गट करा. भरडा तोच, पावडर एकाच गटाला. पहिल्या दिवशी आणि तिसाव्या दिवशी वजन करा, खाद्याचा हिशोब लिहा. किलोभर वाढीला कोणत्या गटात किती पैसे लागले, त्यावर ठरवा. पावडर आधी दोन किलो भरड्यात, मग दहा किलोत, मग सगळ्यात मिसळा. नाहीतर एका घमेल्यात जास्त आणि दुसऱ्यात काहीच नाही, असं होतं.

प्रश्न (हवेली तालुका): हॉटेलचं खरकटं उकळताना त्यातच एन्झाइम टाकतो. चालेल का?

उत्तर: वाया जातंय. विकर हे प्रथिन आहे, उकळत्या पाण्यात निकामी होतं. खरकटं कोमट झाल्यावर, थोड्या भरड्यात मिसळून घाला. उकळणं मात्र सोडू नका. उकळी आल्यावर ढवळत किमान 30 मिनिटं शिजवा. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा रोग 2020 मध्ये भारतात आला. त्यावर उपचार नाही आणि त्याचे विषाणू डुकराच्या कच्च्या मांसातून, हॉटेलच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतूनही गोठ्यात येतात.